घोड्याची दोन नावं: लॅटिनपासून आयर्लंडपर्यंतच्या एका शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकताना घोड्याचा शब्द पहिल्या काही धड्यांतच भेटतो. पुढे कधी आयरिश किंवा वेल्श कानावर पडलं, की तिथेही तसाच काहीसा शब्द ऐकू येतो आणि प्रश्नांची रांग लागते. त्यातले जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. परभाषेतले शब्द उच्चाराच्या जवळ जाईल असे देवनागरीत लिहिले आहेत. आयरिश आणि वेल्श शब्दांतला 'ख' मात्र आपल्या 'खण'मधला नाही. तो उर्दू 'ख़बर'सारखा, घसा घासून येणारा आहे.

शव्हाल, काबायो, कवाल्लो हे सगळे एकाच शब्दाचे अवतार आहेत का?

हो. बोलीतल्या लॅटिनमधला 'कबल्लुस' हा त्यांचा मूळपुरुष. त्याच्यापासून फ्रेंच शव्हाल, स्पॅनिश काबायो, पोर्तुगीज कव्हालु, इटालियन कवाल्लो, रुमानियन काल आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या सार्डिनियन भाषेतला काड्डु झाले.

यात फ्रेंच रूप सगळ्यांत परकं वाटतं, पण तेही नियमानंच आलं आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'क' आणि त्यापुढे 'अ' असेल, तर फ्रेंचमध्ये त्या 'क'चा आधी 'च' आणि पुढे 'श' झाला. गाणे या अर्थाचा 'कांतारे' तिथे 'शांते' झाला, मैदान या अर्थाचा 'काम्पुस' झाला 'शां'. रुमानियनमध्ये दोन स्वरांमधला 'ब' गळाला, दोन्ही स्वर एकमेकांत मिसळले आणि उरला एवढासा 'काल'.

सार्डिनियन काड्डु मराठी माणसानं एकदा तरी ऐकावा. त्यातला 'ड' जीभ टाळूकडे वळवून काढलेला, थेट आपला मूर्धन्य ड आहे. युरोपात हा उच्चार फार थोड्या ठिकाणी ऐकायला मिळतो. लॅटिन 'ल्ल'चा सार्डिनियात नियमानं 'ड्ड' होतो.

पण लॅटिनमध्ये घोड्याला 'एक्वुस' म्हणतात असं शिकलो होतो. तो कुठे गेला?

शिकलात ते बरोबरच आहे. एक्वुस हा युद्धातला, शर्यतीतला, काव्यातला घोडा. कबल्लुस म्हणजे ओझ्याचं तट्टू. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या लुसिलियुस या कवीच्या ओळींत कबल्लुस सापडतो, म्हणजे शब्द काही उशिरा आलेला नाही. तो फक्त खालच्या पायरीवरचा होता.

ही पायरी किती खालची होती, हे पहिल्या शतकातला कवी पेर्सियुस दाखवून देतो. ग्रीक कथेप्रमाणे पेगासुस या पंख असलेल्या घोड्यानं खूर आपटला आणि हेलिकोन पर्वतावर एक झरा फुटला. त्याचं पाणी प्यायलं की काव्य स्फुरतं. पेर्सियुस आपल्या रचनेच्या सुरुवातीलाच सांगतो, की मी काही त्या झऱ्याला ओठ लावलेले नाहीत. मात्र झऱ्याचा उल्लेख करताना तो एक्वुसवरून आलेलं विशेषण न वापरता 'फोन्स कबल्लिनुस', म्हणजे 'तट्टाचा झरा' म्हणतो. भारदस्त कवींना मारलेला हा टोला लागायचा, तर वाचणाऱ्याला कबल्लुसचा हलकेपणा लगेच जाणवायला हवा.

पुढच्या काही शतकांत बाजारात, शेतावर आणि छावणीत रोज तोंडात असलेला शब्द जिंकला. एक्वुस लेखणीपुरता उरला. त्याच्या घसरणीला उच्चाराचीही साथ होती. 'आपेंडिक्स प्रोबी' नावाची जुनी यादी आहे, अशुद्ध बोलणाऱ्यांना सुधारण्यासाठी केलेली. त्यात 'एक्वुस म्हणा, एकुस नव्हे' अशी सूचना आहे. ज्याअर्थी सूचना द्यावी लागली, त्याअर्थी लोक सर्रास 'एकुस' म्हणत होते. अशा याद्या चुका सुधारायला केलेल्या असतात, आणि आज त्यांचं मोल त्या चुकांमुळेच आहे.

कबल्लुस हा शब्द मुळात केल्टिक आहे का?

केल्टिक म्हणजे आयरिश, वेल्श, ब्रेटन आणि जुनी गॉलिश ज्या कुळातल्या, ते भाषाकुल. बऱ्याच कोशांत 'बहुधा गॉलिशमधून' असं लिहिलेलं असतं. गॉल म्हणजे आजच्या फ्रान्समधले केल्ट घोडेस्वारीत तरबेज होते आणि रोमनांनी गाड्या-घोड्यांचे कित्येक शब्द त्यांच्याकडून उचलले, त्यामुळे हा अंदाज सोयीचा आहे. पण ग्रीकमध्येही ओझ्याच्या घोड्याला 'काबाल्लेस' हा शब्द मिळतो आणि स्लाव भाषांत 'कोबिला' म्हणजे घोडी. म्हणून पूर्वेकडून, घोडे विकणाऱ्यांच्या तोंडून फिरत फिरत हा शब्द सगळीकडे पोचला असं मानणारेही आहेत. मला हे दुसरं मत जास्त पटतं. जनावर ज्या वाटेनं विकलं जातं, त्याच वाटेनं त्याचं नाव जातं, आणि अशा शब्दांचं एकच गाव क्वचितच असतं.

आयरिश 'कापल' आणि वेल्श 'केफिल' हे तरी लॅटिनमधूनच आले असतील ना?

ऐकायला अगदी तसंच वाटतं, पण व्यंजनं तसं म्हणू देत नाहीत.

लॅटिनमधून वेल्शमध्ये जे शब्द रोमन काळात गेले, त्यांच्यातल्या दोन स्वरांमधल्या 'ब'चा 'व' झाला. 'ताबेर्ना' (दुकान, खानावळ) वेल्शमध्ये 'तावार्न' झाला, आजही पबला तेच म्हणतात. आयरिशमध्येही 'लिबेर' (पुस्तक) या शब्दातला 'ब' असाच सैल पडला. या हिशेबानं कबल्लुसमधल्या 'ब'च्या जागी दोन्हीकडे 'व'सारखा काहीतरी ध्वनी हवा. प्रत्यक्षात आयरिशमध्ये कडक 'प' आहे आणि वेल्शमध्ये 'फ'. वेल्श 'फ' हा जुन्या जोड 'प्प'पासून येतो. म्हणजे कापल आणि केफिल यांच्या मागे 'कप्प–' असं काहीतरी उभं आहे. बोलीत, विशेषतः लाडाच्या किंवा रांगड्या शब्दांत, व्यंजन दुप्पट होतं. आपण नाही का बापाचा बाप्पा करत! तेव्हा हे शब्द कबल्लुसचे चुलतभाऊ आहेत, मुलं नव्हेत.

गंमत म्हणजे कबल्लुसचं खरंखुरं वेल्श रूपही अस्तित्वात आहे, 'कावाल्ल'. ते मिळतं कुठे, तर राजा आर्थरच्या कुत्र्याचं नाव म्हणून! नवव्या शतकातल्या 'हिस्तोरिया ब्रित्तोनुम' या लॅटिन ग्रंथात ब्रिटनमधल्या नवलांची यादी आहे. त्यात दगडांच्या एका राशीचं वर्णन येतं. राशीच्या माथ्यावरच्या दगडावर 'काबाल' या आर्थरच्या कुत्र्याच्या पायाचा ठसा आहे, रानडुकराच्या शिकारीत उमटलेला. लोक तो दगड उचलून नेतात, एक दिवस एक रात्र जवळ ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा राशीवर हजर असतो. कुत्र्याला घोड्याचं नाव का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो घोड्याएवढा दांडगा असावा, हे सगळ्यांत साधं उत्तर.

एक्वुस आणि आपला 'अश्व' खरंच एक आहेत? ऐकायला तर काहीच जुळत नाही.

एकच आहेत. फक्त कानावर विसंबायचं नाही. मूळ भारोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन आणि केल्टिक यांच्या समान पूर्वजभाषेतल्या, शब्दात मध्यभागी 'क्य' आणि 'व' यांच्यासारखे जोडध्वनी होते. संस्कृतनं त्यांचा 'श्व' केला. लॅटिननं 'क्व' राखला. प्राचीन आयरिशमध्ये 'व' गेला, 'क' सैल झाला आणि 'एख' उरला. गॉलिश आणि वेल्शच्या शाखेनं 'क्व'चा 'प' केला, म्हणून गॉलिशमध्ये 'एपोस'.

हा एपोस आज नकाशावरही सापडतो. उत्तर इटलीतल्या इव्रेआ गावाचं जुनं नाव एपोरेदिया. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं नोंदवून ठेवलं आहे, की घोडे चांगले वठणीवर आणणाऱ्यांना गॉल लोक 'एपोरेदिया' म्हणतात. घोड्यांची देवी 'एपोना' हीसुद्धा याच शब्दातून घडली. रोमन घोडदळानं तिला आपलंसं केलं, आणि इटलीतल्या ग्विदित्सोलो इथे मिळालेल्या पंचांगात तिचा सण १८ डिसेंबरला दिला आहे. वेल्शमध्ये एपोसचा नर गेला, पण 'एबोल' म्हणजे शिंगरू राहिलं. ब्रेटनमध्येही ते आहे.

एक्वुस मेला, मग स्पॅनिशमध्ये घोडीला 'येग्वा' कसं?

कारण घोडा मेला, घोडी वाचली. एक्वुसचं स्त्रीलिंगी रूप 'एक्वा'. 'एकुस' म्हणू लागल्यावर नराच्या शब्दातला 'क्व' विरघळला, पण मादीच्या शब्दात त्यापुढे 'आ' असल्यामुळे तो टिकला. शिवाय घोडी पाळणाऱ्याला वीण वाढवायची असते. त्याला मादीसाठी नेमका वेगळा शब्द लागतोच.

ही घोडी ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. ती पाण्याच्या शब्दाबरोबर चालते. लॅटिनमध्ये पाणी 'आक्वा' आणि घोडी 'एक्वा', दोन्हींत तोच 'क्व'. स्पॅनिशमध्ये पाणी आग्वा, घोडी येग्वा. पोर्तुगीजमध्ये आग्वा आणि एग्वा. सार्डिनियनमध्ये आब्बा आणि एब्बा. रुमानियनमध्ये आपअ आणि यापअ. इतक्या दूरदूरच्या चार भाषांत ही जोडी तुटलेली नाही. ध्वनिनियम म्हणजे काय हे कोणाला समजावून द्यायचं असेल, तर याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

फ्रेंचनं मात्र घोडीसाठी 'ज्युमां' घेतला. त्याचं मूळ लॅटिन 'यूमेंतुम', जुंपायचं जनावर. त्यातला धातू तोच, ज्यातून लॅटिन 'युगुम', संस्कृत 'युग' आणि मराठी बैलाच्या मानेवरचं 'जू' आलं.

फ्रेंचमध्ये एक घोडा 'शव्हाल' आणि अनेक 'शव्हो' का?

जुन्या फ्रेंचमध्ये नामाला दोन विभक्तिरूपं होती. मराठी माणसाला हे लगेच कळतं, कारण आपल्याकडेही 'घोडा' आणि 'घोड्या–' अशी सरळरूप-सामान्यरूपाची जोडी आहेच. फ्रेंचमध्ये कर्त्याच्या जागी एकवचनाला 'स' लागे, इतरत्र लागत नसे. अनेकवचनात नेमकं उलट होतं. या 'स'च्या आधी 'ल' आला की त्याचा 'उ' व्हायचा. म्हणून कर्ता असलेला एक घोडा 'चेवाउस', कर्म असलेला 'चेवाल'. अनेक घोडे कर्ते असतील तर 'चेवाल', कर्म असतील तर 'चेवाउस'.

पुढे कर्त्याची रूपं गळाली आणि दुसरी टिकली, एकवचनात चेवाल आणि अनेकवचनात चेवाउस. 'आउ'चा 'ओ' झाला, शेवटचा 'स' उच्चारातून गेला, आणि राहिलं शव्हाल–शव्हो. लिहिताना शेवटी जे एक्स अक्षर दिसतं, ते मध्ययुगीन लेखनिकांनी '–उस'साठी वापरलेल्या संक्षेपचिन्हातून आलं आहे. नंतर आलेल्या 'फेस्तिव्हाल'सारख्या शब्दांना हा बदल लागू नाही, कारण ते पोचले तेव्हा नियमाचं काम आटोपलं होतं.

रुमानियन 'कालुल' म्हणजे काय?

'तो घोडा'. बाकीच्या रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून झालेल्या, भाषा निश्चयदर्शक उपपद (इंग्रजी 'द'सारखं) आधी लावतात, रुमानियन ते शेपटीला जोडते. काल म्हणजे घोडा, कालुल म्हणजे तो ठरावीक घोडा, आणि 'कालुलुइ' म्हणजे त्या घोड्याचा किंवा घोड्याला. उपपदाच्या आधारानं तिथे विभक्तीही तगून राहिली आहे.

आयरिशमध्ये शब्दाची सुरुवातच कशी काय बदलते?

या पानावरचा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. आधी उदाहरण बघा:

अ खापल – त्याचा घोडा
अ कापल – तिचा घोडा
अ गापल – त्यांचा घोडा

'त्याचा', 'तिचा', 'त्यांचा' या तिन्हींसाठी शब्द एकच, 'अ'. घोडा कोणाचा, हे सांगायचं काम घोड्याच्या पहिल्या व्यंजनावर आलं आहे. शिकणाऱ्याला हा निव्वळ छळ वाटतो. पण संस्कृत षष्ठी आठवा: अस्य (त्याचा), अस्याः (तिचा), एषाम् (त्यांचा). जुन्या केल्टिकमध्येही जवळजवळ हेच शब्द होते, एस्यो, एस्यास, एइसोम. पहिल्याच्या शेवटी स्वर, दुसऱ्याच्या शेवटी 'स', तिसऱ्याच्या शेवटी 'म'.

आता 'एस्यो कापल' असं सलग म्हणा. 'क' दोन स्वरांच्या मध्ये सापडतो. केल्टिकमध्ये असं सापडलेलं व्यंजन सैल पडतं, म्हणून ख. 'एस्यास कापल' म्हणताना 'स' आड येतो, 'क' तसाच राहतो. 'एइसोम कापल'मध्ये अनुनासिकाच्या धक्क्यानं 'क'चा 'ग' होतो. पुढे शतकानुशतकं बोलता बोलता त्या सर्वनामांचे शेवट झिजून पार गेले. त्यांनी पुढच्या शब्दावर केलेला परिणाम मात्र राहिला, आणि आज तेच व्याकरण आहे.

स्वरानं सुरू होणारा शब्द घेतला तर हे आणखी उघड दिसतं. घोड्यासाठीचा जुना शब्द आता 'अख' असा उच्चारतात. त्याचा घोडा 'अ अख', तिचा 'अ हख', त्यांचा 'अ नख'. 'तिचा'मधला हा 'ह' म्हणजे झिजलेला 'स', आणि अस्याःच्या शेवटचा विसर्ग हाही झिजलेला 'स'च. एकाच शब्दाच्या एकाच टोकाला, आयर्लंडमध्ये आणि भारतात, सारखाच उच्छ्वास उरला आहे. पाठशाळेत षष्ठी घोकलेल्या माणसाला आयरिश व्याकरणाचं हे पान अनोळखी वाटायचं कारण नाही.

वेल्शमध्ये निकाल थोडा वेगळा लागला. 'इ गेफिल' त्याचा घोडा, 'इ खेफिल' तिचा, आणि 'व ङ्हेफिल' माझा. व्यवहारातली अडचण अशी, की शब्दकोशात ग, ख, ङ यांच्याखाली कितीही शोधलं तरी घोडा मिळत नाही. तो 'क'खालीच असतो.

आकड्यांनंतरही असंच होतं का?

होतं, आणि शिवाय नाम एकवचनात राहतं. तीन घोडे म्हणजे 'त्री खापल', शब्दशः 'तीन घोडा'. सात घोडे 'शाख्त गापल'. तीनला ख आणि साताला ग का? लॅटिनमध्ये सात 'सेप्तेम', नऊ 'नोवेम', दहा 'देकेम'. शेवटी 'म' आहे. आयरिशच्या पूर्वजातही असंच अनुनासिक होतं, त्याचा धक्का पुढच्या व्यंजनाला बसला. आठाच्या शेवटी अनुनासिक नव्हतं, पण सात आणि नऊ यांच्या मध्ये असल्यामुळे तोही त्यांच्यासारखाच वागू लागला.

ब्रेटन तर फ्रान्समध्ये बोलली जाते. तिथे घोड्याला काय म्हणतात?

'मार्ख'. हा तिसराच शब्द, अस्सल केल्टिक. वेल्शमध्ये 'मार्ख' म्हणजे वळू घोडा आणि 'मार्खोग' म्हणजे घोडेस्वार. आयरिश 'मार्कख' म्हणजेही स्वार. ब्रेटनमध्ये मार्खचं अनेकवचन मात्र 'केझेग', म्हणजे घोडीच्या 'काझेग' या शब्दाच्या कुळातलं. त्रिस्तानच्या मध्ययुगीन प्रेमकथेतला राजा मार्क याचं नाव वेल्शमध्ये 'मार्ख'च आहे, आणि बाराव्या शतकातल्या बेरूलच्या फ्रेंच काव्यात या राजाला खरोखरच घोड्याचे कान आहेत. नावावरून गोष्ट सुचली असणार.

'शिव्हल्री' आणि 'कॅव्हलरी' यांचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. कबल्लुसवरून 'कबल्लारियुस', घोडेवाला. त्याचे वंशज म्हणजे फ्रेंच शव्हालिए, स्पॅनिश काबायेरो, इटालियन काव्हालिएरे. इंग्रजी शिव्हल्री (सरदारी बाणा) फ्रेंच शव्हालिएच्या घरातून आली, तर कॅव्हलरी (घोडदळ) इटालियनमधून फ्रेंचमार्गे. एकेकाळी ज्याला तट्टू म्हणून हिणवलं, त्याच्याच नावावर युरोपची सरदारकी उभी राहिली. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाडे उभे आहेत, आणि नाव अजून त्या तट्टाचं आहे.

बुद्धिबळात इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन माणसं मराठी माणसासारखी सरळ 'घोडा' म्हणतात. फ्रेंच 'काव्हालिए' म्हणजे स्वार, वेल्श 'मार्खोग' म्हणजेही स्वार.

मराठी 'घोडा' या कुटुंबात कुठे बसतो?

कुठेच नाही, तरी त्याची कथा हुबेहूब तीच आहे. घोडा आला 'घोटक'वरून. हा शब्द वेदांत नाही, नंतरच्या संस्कृतात येतो, आणि कानडी 'कुदुरे', तमिळ 'कुदिरै' यांच्याशी त्याचं नातं जोडणारे अभ्यासक आहेत. बोलण्यात घोटकाचे वंशज राहिले, अश्व पोथीत आणि 'अश्वशक्ती'सारख्या घडवलेल्या शब्दांत गेला. रोममध्ये एक्वुसचं झालं, तेच इथे अश्वाचं झालं. मराठीनं घोडीसुद्धा नव्या शब्दातूनच घडवली. स्पॅनिशसारखी जुनी घोडी आपल्याकडे उरली नाही.

स्कॉटलंडमध्ये 'कापल' नावाचा पक्षी आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. स्कॉटिश गेलिकमध्ये घोड्यासाठी रोजचा शब्द 'एख' हाच राहिला आणि कापल घोडीकडे सरकला. पाइनच्या रानात राहणाऱ्या एका दांडग्या रानकोंबड्याला तिथे 'कापल-कोइले' म्हणजे 'रानातली घोडी' म्हणतात, आणि इंग्रजीतलं 'कॅपरकेली' हे नाव त्यावरूनच आलं. हा पक्षी अठराव्या शतकात स्कॉटलंडमधून नामशेष झाला. १८३७ साली स्वीडनमधून पक्षी आणून त्याची तिथे पुन्हा वसाहत केली. आज त्याची संख्या पुन्हा धोक्यात आहे.